खदानीतला खेळ



आपल्याकडे वैशाखात दिवसा कोणी घराबाहेर पडत नाही, म्हणून ही व्याख्याने सूर्य बुडाल्यावर ठेवतात, आणि त्यामुळे पहिल्या पाळीहून परतलेले माझे अनेक जुने सोबती आज समोर बसलेले दिसतात. त्यांच्यापुढे खेळावर बोलावयाचे हे थोडे धाडसाचेच आहे. आठ तास डंपर हाकून आलेल्या माणसाला ‘काम म्हणजे खेळ’ असे सांगणारा वक्ता त्याला कसा वाटेल, हे मी जाणतो. तेव्हा आरंभीच सांगतो, काम म्हणजे खेळ असे माझे म्हणणे नाही. कामात खेळ आणता येतो. तो कोण आणतो, कशासाठी आणतो आणि गुण कोण मोजतो, एवढेच मला पाहावयाचे आहे. मी नोकरीची बरीच वर्षे खाण कामगारांना शिकविण्यात घालविली. त्यामुळे उदाहरणे बहुतेक खदानीतलीच येतील. सास्ती आणि गोवरी ज्या तालुक्यात आहेत, तेथे याबद्दल क्षमा मागण्याचे कारण नसावे.

हल्ली मोठ्या कचेऱ्यांतून ‘गेमिफिकेशन’ हा शब्द ऐकू येतो. निक पेलिंग या इंग्रज संगणकतज्ज्ञाने तो २००२ साली बनविला आणि २०१० च्या सुमारास तो जगभर पसरला. कर्मचाऱ्याला गुण द्यावयाचे, बिल्ले द्यावयाचे, कोण पुढे कोण मागे याचा फलक लावावयाचा, शिकविण्याचे टप्पे खेळातल्या पायऱ्यांसारखे करावयाचे, असा त्याचा अर्थ. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आपल्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका सकाळी तासाला लागतात, तेव्हा कोणाची ओटी आधी भरते याकडे प्रत्येकीचे तिरपे लक्ष असते. संध्याकाळी काटा लागतो आणि कोणाचा कापूस किती किलो भरला ते सर्वांना ऐकू येते. थट्टा होते, एखादी रुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाओढ. हा खेळ कोणा व्यवस्थापकाने आखलेला नाही. पण त्याचा दोषही त्याच काट्यावर दिसतो. वजनावर मजुरी म्हटली की वजन वाढविण्याकडे मन जाते; मग दवाने ओला झालेला कापूस येतो, कवडी येते, पालापाचोळा येतो. काटा वजन सांगतो, कापूस कसा आहे ते सांगत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

स्कॉटलंडात न्यू लॅनार्क येथे सुताची मोठी गिरणी होती. १८०० साली रॉबर्ट ओवेनने तिचा कारभार हाती घेतला. त्या काळच्या गिरण्यांत मुकादमाचा चाबूक आणि शिवी हीच शिस्त. ओवेनने दोन्ही बंद केली आणि प्रत्येक कामगाराच्या जागी लाकडाचा एक लहानसा चौकोनी ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजूंना चार रंग : काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे चांगला, पांढरा म्हणजे उत्तम. कालच्या कामावरून आज जो रंग समोर यावयाचा तो मुकादम फिरवून ठेवी आणि त्याची नोंद वहीत होई. ओवेन गिरणीतून फेरी मारी, कोणाला एक शब्द बोलत नसे, फक्त ठोकळ्याकडे आणि माणसाकडे पाही. आरंभी काळे पुष्कळ होते. हळूहळू पिवळे आणि पांढरे वाढत गेले, असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मालकाच्या लेखणीतून आलेली ही हकीकत आहे हे विसरू नये. पण त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते. मुकादमाने अन्यायाने रंग लावला असे ज्याला वाटेल त्याने थेट ओवेनकडे तक्रार करावी, अशी मुभा होती. रंग लावणाराही कोणाला तरी जबाबदार होता.

आता दुसऱ्या टोकाचा खेळ पाहा, आणि तो कोळशाचाच आहे. १९३५ च्या ऑगस्ट अखेरीस सोव्हिएत संघाच्या डोनबास भागात अलेक्सेई स्ताखानोव्ह या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला. नेमून दिलेले काम ७ टनांचे होते. त्याचे नाव देशभर गाजले, ठिकठिकाणी विक्रमांची स्पर्धा सुरू झाली. यात लबाडी किती आणि खरे किती हा वाद आपण सोडून देऊ. मात्र स्ताखानोव्ह फक्त कोळसा तोडत होता, आणि त्याच्यामागे लाकडाचे टेकू लावणारे दोघे वेगळे होते. खाणीत टेकू लावण्याचे काम वगळले तर कोण किती वेगाने चालेल हे माझ्या सोबत्यांना सांगावयास नको. त्या दोघांची नावे फलकावर चढली नाहीत. आणि १९३६ साली पुष्कळ ठिकाणी सर्वांनाच नेमून दिलेले काम वाढविण्यात आले. एकाने खेळात जिंकलेला आकडा उद्या सगळ्यांचा नियम होतो, ही भीती जगातल्या प्रत्येक कामगाराच्या मनात आहे. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

परदेशाच्या गोष्टी पुरे. माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला बरे वाटत नाही.

मी एका भूमिगत खदानीत होतो. फाटकावर मोठा फलक होता : ‘अपघाताविना दिवस’, आणि खाली रोज बदलणारा आकडा. नव्वद दिवस पूर्ण झाले की प्रत्येकाला स्टीलचा जेवणाचा डबा मिळावयाचा. सगळ्यांना मोठी हौस. येता-जाता लोक आकडा वाचीत. चौऱ्याऐंशीव्या दिवशी टबाची कडी अडकविताना एका पोराची दोन बोटे चेपली. त्याच्या सोबत्यांनी त्याला बाजूला घेतले. ‘सहा दिवस राहिले, घरी लागले म्हणून सांग.’ त्याने फडके गुंडाळले. दुसऱ्या दिवशीही तो पाळीवर आला, कारण हजेरी चुकली असती तर प्रश्न निघाला असता. हात सुजला, पू झाला, आणि पुढे दवाखान्यात दोन्ही बोटांची पेरे कापावी लागली. अपघाताची नोंद नाही, म्हणून चौकशी नाही. चौकशी नाही, म्हणून ती वाकलेली कडी तशीच राहिली. पुढे पंधरवड्यातच तिने दुसऱ्याला धरले. मला पहिल्याच दिवशी कळले होते, भगिनींनो आणि बंधूंनो, आणि मी बोललो नाही. डबा मलाही मिळाला. तो घरी अजून आहे. त्यात तूरडाळ ठेवतात.

फलक लावणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण त्याने जे मोजले ते अपघात नव्हते, अपघाताच्या नोंदी होत्या. ओला कापूस काट्यावर यावा तसेच हे झाले. बक्षीस लावावयाचेच होते तर सैल छत, वाकलेली कडी, झिजलेला दोर जो आधी दाखवील त्याला लावावयाचे. त्यातही काही हुशार लोक नसलेले धोके शोधून आणतील, हे मला ठाऊक आहे. पण नसलेला धोका तपासण्यात अर्धा तास जातो. लपविलेल्या धोक्यात बोटे जातात.

मग खेळ नकोच का? तसे मला वाटत नाही. शिकविण्याच्या खोलीत खेळासारखा गुरू नाही. भूमिगत खाणीत मिथेन वायू असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये आले की ठिणगीने स्फोट होतो. सव्वा टक्क्यालाच माणसे बाहेर काढावी लागतात. जुन्या सुरक्षा-दिव्याची वात बारीक केली की ज्योतीवर फिक्या निळ्या रंगाची टोपी दिसते आणि तिच्या उंचीवरून प्रमाण ओळखता येते. हे मी वर्गात खडूने काढून दाखवी आणि लोक माना डोलवीत. शेवटी मी दोन गट पाडले. प्रत्येकाने दिवा पाहावयाचा, कोणाशी न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहावयाचा, मग यंत्राचा आकडा वाचावयाचा. ज्या गटाचे आकडे अधिक जवळ त्याला दुसऱ्या गटाने चहा पाजावयाचा. काय आरडाओरडा होई! एकदा वीस वर्षे नोकरी झालेले एक सरदार लागोपाठ तीनदा चुकले. पोरे हसली. तो गृहस्थ दुपारी एकटा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘साहेब, मला ती टोपी दिसतच नाही. किती दिवसांपासून दिसत नाही, तेही सांगता येत नाही.’ डोळे तपासले, चष्मा लागला. एरवी हे त्याने कबूल केले नसते, आणि त्याच्या शब्दावर माणसे आत जात राहिली असती.

खाण बचाव पथकांच्या स्पर्धा होतात त्या याच जातीच्या. आपल्या देशात अखिल भारतीय स्पर्धा होते, आणि १९९९ पासून आंतरराष्ट्रीयही भरते. श्वसनयंत्रे पाठीवर बांधून पथक खोट्या खाणीत शिरते, जखमी सापडला की त्याला स्ट्रेचरवर बांधून बाहेर आणते. यंत्रात मुद्दाम दोष करून ठेवतात आणि ते ठरल्या वेळात हुडकावे लागतात. चूक झाली की परीक्षक गुण कापतो. येथे गुण जातात म्हणजे खऱ्या आगीत जीव वाचतात. शिवाय एकटा माणूस येथे जिंकूच शकत नाही. टेकू लावणाऱ्याचेही गुण धरलेले असतात. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांत वॉटर कप सुरू केला त्यातही हेच होते : कप एका गावाला मिळाला, पण हरलेल्या गावाने खणलेले चर पावसाने भरावयाचे थोडेच राहणार होते?

शेवटी एका नव्या खेळाविषयी बोलून थांबतो. आपल्या तालुक्यातली पुष्कळ मुले नागपूर-पुण्याला मोटारसायकलवरून जेवणाची पाकिटे पोहोचवितात. माझा एक भाचा त्यांतलाच. त्याच्या फोनवर सारखा आकडा दिसतो : आणखी तीन पोहोचविलीत तर इतके रुपये जास्त. पावसात रात्री अकराला ते ‘आणखी तीन’ त्याला घरी येऊ देत नाहीत. त्याला तारेही मिळतात, कमी झाले की काम कमी येते. मी त्याला ओवेनच्या ठोकळ्याची गोष्ट सांगितली. त्याला ती फार आवडली. मग त्याने विचारले, ‘मामा, त्या गिरणीत रंग चुकला तर मालकाला जाऊन सांगता येत होते ना? माझा तारा गेल्या महिन्यात गेला. गिऱ्हाईकाने दारच उघडले नव्हते. मी फोनवर लिहून पाठविले, तर आभारी आहोत असे उत्तर आले. आता कोणाला भेटू?’

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. सभेत कोणी कामगार-कायद्याचे जाणकार असतील तर त्यांनी व्याख्यानानंतर जरा थांबावे; तो मागच्या रांगेत बसला आहे.