तळघरातील बंब

न्हाणीघराच्या कोपऱ्यातील तांब्याचा बंब आता बहुतेक घरांतून अडगळीत गेला असला, तरी बेळगाव, इंदूर, बडोदे येथील जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना त्याचा स्वभाव अजून आठवत असेल. लाकूड ओले असले की तो धुमसे, खालची जाळी राखेने बुजली की विस्तव गुदमरे, आणि मधल्या नळकांड्यात काजळी धरली म्हणजे कितीही सरपण घातले तरी पाणी कढत म्हणून होत नसे. जळण, हवा आणि धुराला वाट या तीन गोष्टी जुळल्या की बंब गुणी. त्यांतील एक बिघडली की तोच हट्टी. अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मेन इत्यादी राज्यांत लाखो घरांच्या तळघरांतून जो तेलाचा बॉयलर आढळतो, तो या बंबाचाच थोरला भाऊ होय. अंतर इतकेच की, बंब बिघडला तर फार तर गार पाण्याने अंघोळ उरकावी लागे. तिकडे जानेवारीच्या थंडीत बॉयलर बंद राहिला तर काही तासांत घर गारठते आणि पुढे नळांतील पाणी गोठू लागते. पाण्याचे बर्फ झाले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. नळ फुटतात, आणि ते फुटल्याचे कळते ते बर्फ वितळून भिंतीतून पाणी झरू लागल्यावर.

त्या राज्यांतून मराठी कुटुंबांची वस्ती आता बरीच आहे, आणि मुलाकडे किंवा लेकीकडे हिवाळ्यात जाऊन राहणारे आईवडीलही इकडच्या गावांतून थोडे नाहीत. मुले कामावर गेली आहेत, दारात गुडघाभर बर्फ आहे आणि तळघरातील नित्याची घरघर एकाएकी थांबली आहे, असा प्रसंग त्यांच्यावर केव्हाही येऊ शकतो. अशा वेळी काय पाहावे, कशाला हात लावावा आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, कशाला लावू नये, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्राची थोडी ओळख. तळघरात एका बाजूस २७५ गॅलनांची, म्हणजे सुमारे हजार लिटरांची, पोलादी टाकी असते. तीतील तेल डिझेलच्याच जातीचे, पण लाल रंगाचे. हा रंग मुद्दाम मिसळलेला असतो. वाहनांच्या इंधनावरील कर या तेलावर नसल्यामुळे ते कोणी मोटारीत वापरल्यास ओळखू यावे, हा त्याचा हेतू. टाकीतून ते एका गाळणीमार्गे बर्नरच्या पंपाकडे येते. पंप त्याला दर चौरस इंचास १०० पौंड, आणि अलीकडील यंत्रांत १४० पौंड किंवा त्याहून अधिक, इतका दाब देतो. ज्यांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवला आहे त्यांना पुढचे समजण्यास अडचण पडू नये. स्टोव्हमध्ये रॉकेल तापून त्याची वाफ होते आणि ती निपलच्या छिद्रातून सुटते. येथे तेल न तापवताच नोझलच्या बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडते. नोझलच्या आत तिरप्या खाचा असतात. त्यांतून जाताना तेल गरगर फिरते आणि बाहेर येताच त्याचे धुक्यासारखे तुषार होतात. त्यांत पंखा हवा घालतो, आणि सुमारे दहा हजार व्होल्टची ठिणगी ते पेटवते. तासाला पाऊण ते एक गॅलन तेल जाळून ही ज्योत पाणी १८० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या ८२ अंशांपर्यंत, तापवते. दुसरा एक लहान पंप ते पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत फिरवीत राहतो.

या सर्वांवर पहारा करणारा एक डोळा असतो. कॅडमियम सल्फाइड या पदार्थावर उजेड पडला की त्यातून वीज सुलभपणे वाहते. अंधारात ती अडते. या गुणाचा उपयोग करून बर्नरच्या नळीत तो बसवलेला असतो. तेल सुटल्यावर ठराविक वेळात, यंत्राच्या जातीप्रमाणे १५ किंवा ४५ सेकंदांत, त्याला ज्योत दिसली नाही तर नियंत्रक सगळे बंद करतो. मग कोणीतरी खाली जाऊन त्याचे बटण दाबल्याशिवाय यंत्र पुन्हा चालू होत नाही.

याच बटणापाशी बहुतेक अनर्थ घडतात. बटण दाबले की पंप फिरतो आणि तेलाचे तुषार भट्टीत पडतात. ते पेटले तर उत्तमच. पण ठिणगीच पडत नसेल, तर प्रत्येक खेपेस न जळलेले तेल भट्टीच्या तळाशी साचत जाते. थंडीने काकुळतीला आलेला मनुष्य पाच वेळा, दहा वेळा बटण दाबतो. अकराव्या वेळी ठिणगी पडते आणि साचलेले सर्व तेल एकदम भडकते. भट्टीचे दार उडते, धुराड्याची नळी निखळते, आणि तेलकट काजळी घरभर पसरून पडद्यांवर, कपाटांतील कपड्यांवर, अन्नावरसुद्धा बसते. म्हणून तिकडचे जाणते कारागीर गिऱ्हाइकाला पहिली शिकवण देतात ती हीच, की बटण एकदाच दाबावे. त्यानेही ज्योत टिकली नाही तर हात मागे घ्यावा व कारागिराला बोलवावे. काही नव्या नियंत्रकांत लागोपाठ तीनदा अपयश आले की यंत्र स्वतःलाच कुलूप घालून घेते. माणसाच्या अधीरतेची ही शास्त्राने ठेवलेली नोंदच म्हणावयाची!

मात्र बटणाकडे जाण्यापूर्वीही काही गोष्टी पाहावयाच्या असतात, आणि कारागिराच्या कित्येक फेऱ्या केवळ त्या न पाहिल्यामुळे होतात. दिवाणखान्यातील थर्मोस्टॅटवर मागितलेले तापमान खोलीच्या तापमानाहून जास्त आहे काय? त्यातील बॅटरी उतरली नाही ना? विजेच्या फळीवरील बॉयलरचे बटण खाली पडले आहे काय? आणि चौथी गोष्ट, जी पाहुण्यांच्या बाबतीत हमखास घडते. तळघराच्या जिन्याच्या माथ्यावर लाल पट्टीचा एक स्विच असतो. आग लागल्यास खाली न उतरता बॉयलर बंद करता यावा म्हणून तो तेथे बसवतात. दिव्याचा समजून तो पाहुण्याने मालवावा, आणि घरातील मंडळींनी रात्रभर कुडकुडत बसावे, असे पुष्कळदा होते. वीज गेली असेल तर मात्र इलाज नाही; टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पंप आणि पंखा विजेवाचून हलत नाहीत.

हे सर्व ठीक असले तर टाकीवरील मापक पाहावा. तेल संपणे हे कारण लाजिरवाणे वाटते खरे, पण ते मुळीच दुर्मीळ नाही. तेलाचे व्यापारी हा प्रसंग टाळण्यासाठी जो हिशेब वापरतात, तो शाळेतील मुलांनाही आवडावा असा आहे. बाहेरचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइट असेल तर घर तापवण्याची गरज नाही, असे गृहीत धरतात. एखाद्या दिवसाची सरासरी २० अंश असेल, म्हणजे शून्याखाली सुमारे सात सेल्सिअस, तर ६५ वजा २०, अशी त्या दिवसाच्या खाती ४५ ‘अंश-दिवसांची’ नोंद होते. प्रत्येक घराचा एक गुणांक असतो. समजा, एखादे घर दर पाच अंश-दिवसांना एक गॅलन तेल खाते. तर त्या दिवशी नऊ गॅलन जळाले. २७५ गॅलनांच्या टाकीत प्रत्यक्षात सुमारे अडीचशेच भरतात, तेव्हा अशी थंडी सतत राहिली तर ती टाकी चार आठवडेसुद्धा पुरणार नाही. व्यापारी दुकानात बसून एवढ्या बेरजेवर ओळखतो की कोणत्या घरी गाडी केव्हा धाडावयाची. परंतु घरात बाळ आले, पाहुणे आले, एक बंद खोली उघडली, की गुणांक बदलतो आणि व्यापाऱ्याचा हिशेब चुकतो. यासाठी पाव टाकी उरली की स्वतः दूरध्वनी करावा.

तेल संपून यंत्र थांबले असता नुसते तेल भरून भागत नाही. नळीत हवा शिरलेली असते. पंपाच्या अंगावरील लहान चाकी पान्याने सैल करून, तिला पारदर्शक नळी जोडून, फेस थांबेपर्यंत आणि लाल तेलाची अखंड धार लागेपर्यंत ती हवा काढावी लागते. हे काम शिकून घेतलेला गृहस्थ करू शकतो. न शिकलेल्याने रात्री दोन वाजता त्याचा आरंभ करू नये. गाडी येईपर्यंत पंपावरून पाच गॅलन डिझेल आणून टाकीत ओतल्यास चालते. पेट्रोल मात्र कधीही नव्हे. ते या यंत्रात घालणे म्हणजे तळघरात सुरुंग पेरणे होय.

टाकी घराबाहेर असेल तर आणखी एक पेच. कडाक्याच्या थंडीत या तेलातील मेणाचे कण वेगळे होऊ लागतात, तेल गढूळ होते, घट्ट होते आणि गाळणीत अडकून बसते. म्हणून बाहेरच्या टाकीत रॉकेल मिसळतात. आयर्लंडच्या उत्तर भागात, जेथे अर्ध्याहून अधिक घरे तेलावरच तापतात, तेथे बॉयलर बहुधा रॉकेलवरच चालतात आणि टाक्या अंगणात उभ्या असतात.

वार्षिक निगेचा भाग सुदैवाने सरळ आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस, कारागिरांची गर्दी होण्यापूर्वी, त्याला बोलवावे. त्याने नोझल आणि गाळणी बदलावी, ठिणगीची टोके पुसून त्यांचे अंतर जुळवावे, भट्टीच्या मार्गांतील काजळी ब्रशाने काढावी. काजळी ही उष्णतेला अडवणारी रजईच. ती बसली की उष्णता पाण्यात न जाता धुराड्यातून निघून जाते आणि तेलाचे बिल वाढते. पूर्वी तेलातील गंधकामुळे भट्टीत पिवळट खपल्याही फार साचत. २०१८ पर्यंत न्यू इंग्लंडमधील राज्यांनी या तेलातील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १५ भागांवर आणले, तेव्हापासून तो त्रास पुष्कळच कमी झाला आहे.

परंतु सफाईनंतर जर कारागीर केवळ ज्योतीकडे पाहून ‘ठीक आहे’ म्हणत असेल, तर त्याला थांबवावे. स्टोव्हच्या निळ्या ज्योतीची सवय असलेल्यास बर्नरची पिवळीनारिंगी ज्योत पाहून भय वाटते. वास्तविक तुषार जाळणाऱ्या बहुतेक बर्नरांची ज्योत तशीच असते. डोळ्याचा येथे भरवसा नाही. धुराड्यातील वायू पांढऱ्या कागदातून ओढून त्यावर पडलेला डाग शून्य ते नऊ अशा पट्टीशी ताडून पाहतात. डाग शून्याच्या जवळ असावा. त्याच वेळी धुराचे तापमान, त्यातील वायूंचे प्रमाण आणि धुराड्याची ओढ मोजावयाची असते. हवा कमी पडली तर काजळी धरते. फार झाली तर उष्णता वाया जाते. हे आकडे ज्याने लिहून दिले नाहीत त्याने काम अर्धेच केले.

पाण्याच्या बाजूचे दुखणे त्या मानाने सौम्य. गार असताना दाबमापकावर बारा पौंडांच्या आसपास दाब असावा. तापल्यावर तो थोडा चढणारच. पण तीसवर जाऊन सुरक्षा-झडपेतून पाणी ठिबकू लागले तर पाण्याच्या प्रसरणासाठी ठेवलेली लहान टाकी निकामी झाली असे बहुधा समजावे. ठिबकते म्हणून ती झडप बूच मारून बंद करणे हा मात्र शुद्ध आत्मघात. रेडिएटर खाली ऊन आणि वर गार लागला तर आत हवा आहे. बाजूच्या किल्लीने ती सोडावी.

आता धुराच्या वाटेविषयी. ज्वलन अपुरे झाले आणि धुराडे तुंबले, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू घरात पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. मनुष्याला वाटते, थंडी बाधली असावी. २००५ सालच्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समध्ये मोठे हिमवादळ झाले. एका घराच्या तापनयंत्राचा धूर बाहेर सोडणारा मार्ग बर्फाने बुजला, आणि त्या घरातील सात वर्षांची मुलगी या वायूने दगावली. त्याच वर्षी त्या राज्याने घरोघरी या वायूची सूचना देणारे यंत्र बसवण्याचा कायदा केला. २००६ च्या मार्चअखेर तो अमलात आला, आणि लोक त्याला त्या मुलीच्याच नावाने ओळखतात. ज्यांच्या बॉयलरचा धूर धुराड्याऐवजी भिंतीतील नळीने बाहेर जातो, त्यांनी बर्फ पडल्यावर गाडीचा रस्ता उपसण्याआधी त्या नळीचे तोंड मोकळे करावे. घरातील दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर बॉयलर तपासत बसू नये. सर्वांनी बाहेर पडावे आणि अग्निशामक दलाला बोलवावे.

तेल भरण्याच्या वेळची एक गोष्ट राहिली. टाकीतील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीत एक शिट्टी बसवलेली असते. तेल आत येत असताना ती वाजत राहते आणि टाकी भरत आली की गप्प होते. रस्त्यावर उभा असलेला गाडीवाला खालची टाकी पाहू शकत नाही. तो फक्त ही शिट्टी ऐकतो. ती वाजलीच नाही तर त्याने तेल सोडावयाचे नाही, असा या धंद्याचा दंडक आहे. कारण काही घरांत मालकाने गॅस घेतलेला असतो, टाकी काढून टाकलेली असते आणि भिंतीबाहेरचे भरण्याचे तोंड मात्र तसेच राहिलेले असते. गाडीवाला घर चुकला, तर शेकडो लिटर तेल सरळ तळघराच्या फरशीवर ओतले जाते. अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. तेव्हा टाकी काढली की ती नळीही त्याच दिवशी काढावी.

मेनसारख्या राज्यातून आता विजेवर चालणारे उष्णता-पंप झपाट्याने येत आहेत; २०२५ पर्यंत एक लाख पंप बसवण्याचे तेथील सरकारचे उद्दिष्ट २०२३ मध्येच पुरे झाले. तथापि अनेक घरांतून जुना बॉयलर सोबतीला ठेवलेला असतो, आणि क्वचित चालणाऱ्या यंत्राकडे दुर्लक्ष होणे फार सोपे. अशा घरी उतरलेल्या पाहुण्याने एकदा तळघरात जाऊन यावे. बॉयलरच्या अंगाला तारेने बांधलेली एक जाड कागदाची चिठ्ठी असते. तीवर प्रत्येक तपासणीची तारीख, नोझलचा आकार आणि धुराचे आकडे कारागिराच्या अक्षरात लिहिलेले असतात. शेवटची तारीख गेल्या वर्षाच्या आधीची असेल, तर मुलगा संध्याकाळी घरी आल्यावर ती त्याला दाखवावी.