दोन जुन्या कूपे: आरएक्स-८ घ्यावी की ३५०झेड?

आज दोन जपानी गाड्या समोरासमोर: माझदा आरएक्स-८ आणि निस्सान ३५०झेड. दोन्ही २००२-०३ च्या सुमारास बाजारात आल्या. दोन्हींचा जोर मागच्या चाकांवर, दोन्हींना सहा गिअरची मॅन्युअल. भारतात वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते, म्हणून हा सौदा मुख्यतः अमेरिका, इंग्लंड, आखातातल्या आपल्या मंडळींचा. पण जुनी गाडी पारखायची कशी, हे इथेही उपयोगाचं आहे.

आधी ताकद. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या ३५०झेडला ३.५ लिटरचं व्ही-६ इंजिन, २८७ हॉर्सपॉवर, टॉर्क ३७० न्यूटन-मीटरच्या आसपास. आरएक्स-८ ला फक्त १.३ लिटरचं रोटरी इंजिन, २३८ हॉर्सपॉवर, टॉर्क मात्र २१६. म्हणजे झेड खालच्या आरपीएमलाच ओढते, चढावर गिअर न बदलताही निघते. आरएक्सला नऊ हजारापर्यंत फिरवावं लागतं, तेव्हा ती खुलते. सरळ रस्त्यावर झेड पुढे जाते. पण वळणांवर आरएक्स हलकी वाटते, कारण इंजिन छोटं, खाली आणि मागे सरकवून बसवलेलं. पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळजवळ निम्मं-निम्मं पडतं.

आता रोजचा वापर. झेडमध्ये दोनच सीट. डिकीत मजबुतीसाठी आडवा दांडा, त्यामुळे मोठी बॅग ठेवताना कसरत. आरएक्सला मागे उलटे उघडणारे दोन छोटे दरवाजे आणि दोन खऱ्या सीट. तिथे मोठी माणसंही बसतात. कागदावर पाहिलं तर संसारी माणसाची गाडी आरएक्सच.

पण थांबा. गाडी सोयीची आहे का, हे नुसत्या सीट मोजून कळत नाही. ती मालकाकडून काय मागते, तेही बघा.

रोटरीत पिस्टन नसतात. तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना सील असतात. या सीलना वंगण मिळावं म्हणून इंजिन मुद्दामच थोडं ऑईल आत सोडून जाळतं. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. म्हणून एक-दोन टाक्या पेट्रोल झालं की ऑईलची पातळी बघायचीच. थंड इंजिन सुरू करून, गाडी दोन फूट सरकवून लगेच बंद केली, तर आत पेट्रोल साचून ती पुन्हा सुरू होत नाही. आणि मायलेज? इंजिन १.३ लिटरचं, पण लिटरला साधारण आठ किलोमीटर; ३.५ लिटरची झेडही त्याहून थोडं जास्त देते.

सील झिजले की कॉम्प्रेशन जातं आणि इंजिन उघडावं लागतं. अमेरिकेत माझदाने याच इंजिनाची वॉरंटी वाढवून आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली होती. आता ती मुदत संपली, खर्च तुमचा.

म्हणून आरएक्स बघायला जाल तेव्हा रोटरीसाठीच्या खास मीटरने कॉम्प्रेशन तपासा. साध्या गेजवर तिन्ही बाजूंमधला सर्वांत चांगला आकडाच दिसतो, कमजोर बाजू लपून राहते. गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. वेळ लागला तर विक्रेत्याचे आभार माना आणि निघा. झेडही डोळे मिटून घेऊ नका: २००५-०६ च्या ३०० हॉर्सपॉवरच्या काही मॅन्युअल गाड्या ऑईल पितात.

माझा सल्ला? घरात एकच गाडी आणि जवळ रोटरी जाणणारा मेकॅनिक नसेल, तर झेड घ्या. मुलं मागे बसणारच असतील, तर साधी चार दरवाजांची गाडी बघा. आरएक्स त्यानेच घ्यावी, ज्याच्याकडे ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे, इंजिनाचे पैसे बाजूला ठेवलेले आहेत आणि दर आठवड्याला बॉनेट उघडायला ज्याला कंटाळा येत नाही. अशा माणसाला ती भरभरून आनंद देईल.

भेटू पुढच्या भागात.