रानभाज्या : नाव, ठिकाण आणि ताट

(सत्तरी तालुक्यातील एका पंचायत सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



मृग लागून पंधरवडा होत आला. या सभागृहाच्या मागच्या बाजूस चार बोटे वाढलेला तायकिळा मी येताना पाहिला. घाटावरची मंडळी त्याला टाकळा म्हणतात. ही भाजी कोणी पेरीत नाही आणि कोणी राखीत नाही. पहिल्या सरी कोसळल्या की ती आपली उगवते. शेंडा कोवळा असतानाच खुडावी, फणसाच्या आठळ्या आणि ओले खोबरे घालून शिजवावी, आणि रोप फुलावर आले की तिचा नाद सोडावा, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्या भगिनींना मी सांगण्याचे कारण नाही. मला चिंता वाटते ती मागील बाकांवरील तरुण मंडळींची. त्यांच्यापैकी पुष्कळांनी तायकिळा खाल्ला असेल. स्वतः खुडलेला किती जणांनी खाल्ला असेल, याविषयी मी साशंक आहे.

पावसाळ्यातच रानाकडे वळण्याची आपली जुनी रीत गरजेतून निघाली होती. भातकापणीनंतर शेतात मिरची, वांगी, अळसांदे होत. पण जूनमध्ये तीच शेते पाण्याखाली जात. समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. आजही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. घरात पुरुमेंताचे सुके मासे, सोले, मीठमिरची एवढीच शिदोरी. अशा दोन-तीन महिन्यांत ताटात हिरवे काही पडे, ते तायकिळा, कुड्डूक, तेरे, लूत, फागलां, किल्ल आणि खाजणाकाठचा आकूर यांच्यामुळे.

या प्रत्येक भाजीमागे एक शास्त्र आहे, आणि ते पुस्तकाआधी स्वयंपाकघरात सिद्ध झाले. तेऱ्याच्या पानात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशात टोचून खाज सुटते. म्हणून तेरे भरपूर शिजवावे आणि त्यात आंबाडे किंवा सोले घालावीत, असा आपला परिपाठ. किल्ल म्हणजे बांबूचा कोंब. तो बारीक चिरून पाण्यात भिजत ठेवतात, ते पाणी टाकून देतात आणि मगच शिजवतात. कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. ज्या आजीने हे शोधून काढले तिचे नाव कोठेही नोंदलेले नाही. तिच्या नातीच्या नातीने बाजारातून किल्ल आणून ते तसेच कढईत टाकले तर काय होईल, याचा विचार आपण करावा.

या ठिकाणी मला माटोळीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी आपण बांधतो, तिच्यात नारळाची पेंड, सुपारीचा घोस, तोरंजन, चिबूड, आंबाडे यांच्या शेजारीच कवंडाळ आणि नागकुड्याची फळेही टांगतो. शेवटची दोन खाण्याची नव्हेत, हे आपण जाणता. खाद्य आणि अखाद्य एकाच लाकडी चौकटीला शेजारी शेजारी लटकत असते. पूर्वी चवथीच्या आधी मुले थोरांबरोबर ही फळे आणण्यास रानात जात. कोणते फळ कोणत्या वेलीचे, ती वेल कोणत्या ओहळाच्या काठी चढते, काय तोंडात घालावे आणि कशास नुसते देवापुढे बांधावे, हे सर्व त्या दोन दिवसांत त्यांच्या अंगवळणी पडे. एवढी चांगली शाळा आम्हा शासकीय मंडळींना अद्याप काढता आलेली नाही! आज माटोळीचे सामान म्हापसा, फोंडा, वाळपईच्या बाजारात जुडीने मिळते. विकणाऱ्या भगिनींचा त्यावर संसार चालतो, तेव्हा त्यास नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु जुडीबरोबर ओहळाचा पत्ता मिळत नाही.

पत्ता हरवला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अळमी. आपल्या रोयणीवर उगवणाऱ्या अळमीची रुची आणि तिचा भाव मी सांगावयास नको. ती उगवते कशी, हे मात्र सांगतो. वाळवी पालापाचोळा चावून वारुळाच्या पोटात त्याचे पोळ्यासारखे थर रचते आणि त्यांवर बुरशीची अक्षरशः शेती करते. त्या बुरशीमुळे पाल्यातील कठीण भाग वाळवीस पचतो. पावसाळ्यात तीच बुरशी लांब देठ वर काढते. ती आपली अळमी. छत्री उघडल्यावर तिच्या खालच्या पडद्यांतून बीजाणू गळतात. आता हमरस्त्यावर गिऱ्हाईक उभे असते. दुसऱ्याने नेण्यापूर्वी आपण न्यावी म्हणून छत्री उघडण्याआधीच कळ्या काढल्या जातात, आणि देठ लांब मिळावा म्हणून कित्येकदा रोयणही उकरली जाते. बीजाणू पडत नाहीत आणि वाळवीचे घरही मोडते. ज्या रोयणीला आपण सातेरी म्हणून हात जोडतो, तिचीच ही अवस्था.

गावचा जुना माणूस काही छत्र्या उघडू देई, कारण पुढच्या वर्षी त्याला त्याच रोयणीकडे यावयाचे असे. मोटार थांबवून द्रोण विकत घेणाऱ्यास पुढच्या वर्षी रस्त्यावरच यावयाचे असते. अभयारण्यातून परवानगीवाचून वनोपज काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मनाई आहे, आणि म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाल्यापासून या तालुक्याचा मोठा भाग त्यात येतो. पण कायद्याची नजर प्रत्येक वारुळावर पोहोचणे कठीण. द्रोण घेणाऱ्याने “कळ्या नकोत” एवढे म्हटले तरी बरेच साधेल.

रानभाज्यांचा फार उदोउदो करणारीही मंडळी आहेत, त्यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि बेळगावहून येणारा भाजीपाला अडला, तेव्हा रानभाज्यांनी आपण तरलो असतो, असे काहींनी बोलून दाखविले. मार्चमध्ये तायकिळा कोठून यावा? रान हे कोठार नव्हे. त्याला ऋतू आहे, माप आहे. सर्व गोव्याने उद्या रानातच भाजी शोधावी असे ठरविले, तर आठ दिवसांत रान बोडके होईल.

प्रदर्शने भरविणे हे माझ्या खात्याचे काम असल्याने त्यांची निंदा मी करणार नाही. तेथे शिजलेली भाजी चाखावयास मिळते, हेही थोडे नव्हे. शिक्षक बंधूंना मात्र विनंती आहे की, पावसाळ्यात एक सकाळ तरी मुलांना गावातील जाणत्या बाईबरोबर माळावर न्यावे. तिला पाहुणी म्हणून बोलवावे, मानाने खुर्ची द्यावी, आणि आपण विद्यार्थ्यांत बसावे. दिवेलागणीस तायकिळ्याची पाने मिटतात, ही खूण मुलांनी स्वतः पाहू द्यावी. अळमी मुलांनी हाताळू नये. विषारी छत्र्याही याच दिवसांत उगवतात. चित्रावरून ओळखलेली कोणतीही वनस्पती कोणी तोंडात घालू नये. पंचायतींनी आकुराची खाजणे भराव टाकून बुजविण्यापूर्वी त्या काठी कोण काय खुडते, याची एकदा चौकशी करावी.

उद्या सकाळी सात वाजता याच सभागृहापासून आपल्या वाड्यावरील दोन वडीलधाऱ्या भगिनी माळाकडे निघणार आहेत. येणाऱ्यांनी छत्री आणावी, पिशवी आणू नये. उद्या पाहावयाचे आहे, खुडावयाचे नाही. वाटेत जळवा आहेत. पायांना लावण्यासाठी मीठ आणि तंबाखू पंचायतीकडे ठेवली आहे.