मीना नदीच्या काठी आपले स्वागत

दूरदूरहून आलेल्या अभियंता बंधू-भगिनींनो,

समस्त नारायणगावकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. शिवनेरीवर 1630 मध्ये शिवछत्रपती जन्मले तो हा जुन्नर तालुका. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात राणी नागनिकेने यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत. आपण आकड्यांची माणसे, सवड काढून ते जरूर पाहा. घाटातला जकातीचा दगडी रांजणही पाहा.

उपग्रहांची परिषद नारायणगावात कशी, असे काहींनी विचारले. त्यांना मी आर्वीकडे बोट दाखवतो. परदेशी फोन लघुलहरींच्या भरवशावर चालत, त्या काळात, 1971 मध्ये, देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र इथे शेजारी आर्वीत उभे राहिले. सुमारे 30 मीटर व्यासाची ती तबकडी. केंद्राला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. पलीकडे खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण झाली. एवढे आकाश एका तालुक्याच्या वाट्याला क्वचितच येते.

पण नारायणगावचे नाव गावोगावी पोचवले ते तमाशाने, आणि त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. यात्रांचा हंगाम आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवून जातात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. भाऊंच्या कन्या विठाबाई यांना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हे आमच्याकडे लहान पोरही सांगते. त्यांच्या नावाचा शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आहे, हे खरे. तरीही शेवटी त्यांची आबाळ झाली, त्याचे शल्य मला आहे.

आमच्या समितीतल्या तरुण अभियंत्यांनी आपला विषय, म्हणजे भूकेंद्रातल्या उपकरणांना तारेवरून आज्ञा कशा देतात ते, मला समजावला, तेव्हा फडातला सवाल-जवाबच आठवला. एका तारेवर मोडेम, कन्व्हर्टर, पॉवर अॅम्प्लिफायर असे सारे जोडलेले. कंट्रोलर एकाचा पत्ता पुकारतो आणि तेवढाच उत्तर देतो. आरएस-232 या जोडणीची तार 15 मीटरांच्या आसपास दमते, तर आरएस-485ची पिळाची जोडी 1200 मीटरांपर्यंत जाते. त्यांनी मला एक निरोपही उलगडून दाखवला: आरंभखूण, पत्ता, आज्ञा, अखेरखूण आणि शेवटी चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज. बेरीज जुळली नाही तर उपकरण आज्ञा पाळत नाही. हे मला फार पटले. कारण आज्ञा बिघडून चुकीच्या फ्रीक्वेन्सीवर वाहक लहर वर गेली, तर उपग्रहावरचे दुसऱ्याचे बोलणे बिघडते. जुन्या उपकरणांचे हे निरोप त्या-त्या केंद्राच्या माणसांनाच माहीत असतात, ती माणसे निवृत्त होत आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. लग्नसराईमुळे मंगल कार्यालयांत खोल्या कमी पडल्या, काहींना एका खोलीत तिघे राहावे लागत आहे. पहाटे गरम पाणी आळीपाळीने मिळेल. जेवणात तिखट जास्त वाटल्यास वाढप्यांना सांगा, वेगळी भाजी ठेवली आहे. मंडपाचा खर्च उचलणारे टोमॅटोचे व्यापारी, द्राक्षे पाठवणारे बागायतदार, दूध देणारी मंडळी, जनरेटर बिनभाड्याने देणारे मांडववाले, खोल्या मोकळ्या करणारे शेजारी आणि कालपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचे नाव राहिले असेल तर राग मानू नये.

खोडदची बस दुपारच्या जेवणानंतर मंडपाच्या मागच्या फाटकातून सुटेल. ओळखपत्र जवळ असू द्या आणि दुर्बिणीपाशी पोचण्याआधी मोबाइल बंद करा, तिथल्या अँटेनांना त्याचा त्रास होतो.