पाहुणे गेले, घरची पाखरे राहिली



डिसेंबर ते मार्च उजनीच्या काठावर गाड्यांची रांग असते. भिगवण, कुंभारगाव, डिकसळला शहरातली माणसे दुर्बिणी घेऊन येतात, आमच्या नावाडी भावांना चार पैसे मिळतात. चांगलेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये पट्टकादंब हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे परततात, रोहितांचे काही थवे तेवढे पावसापर्यंत रेंगाळतात. सीझन संपला म्हणून गाड्याही बंद होतात.

आम्ही म्हणतो, बघण्यासारखे खरे मे महिन्यातच आहे.

या ११७ टीएमसीच्या धरणात ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाणी मागे सरकते, आपण मोटार, पाइप, केबल ओढत त्याच्या मागे. उघड्या पडलेल्या गाळपेरीत कडवळ नाहीतर मका. त्याच गाळावर टिटवी चार अंडी घालते. ना काडी, ना आडोसा. खड्यांत ठेवलेले खडेच जणू. बेटांवर नदी सुरय, काठाला शेकाट्या. भर दुपारी टिटवी पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. आपण घरट्याशी उभे राहिलो की ती उठते आणि अंडी उन्हात भाजतात. म्हणून बघायचे ते बांधावरून, सकाळी. नांगरताना दोन हातांचा तुकडा महिनाभर सोडला तर कुणाचे दिवाळे निघत नाही. (टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असे म्हातारी माणसे सांगतात. त्यावर पेरणी ठरवू नका!)

नांगराहून मोठी धास्ती पाण्याची. सोलापूरच्या पिण्यासाठी उन्हाळ्यात भीमेच्या पात्रात पाणी सोडतात. तहानलेल्याला पाणी द्यायला आमची ना नाही. पण न सांगता सुटलेले पाणी पात्रातल्या मोटारीही बुडवते आणि वाळवंटावरची अंडीही. मोटारीचे कर्ज आपल्या डोक्यावर, पाखराचे तर कुणी मोजतच नाही.

तेव्हा आजच्या बैठकीपुढे ठराव आहे: पाणी सोडण्याची तारीख आठ दिवस आधी काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. ठरावाला पुरावा लागतो. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी मे महिन्यात आठवड्यातून एकदा पाण्याची रेघ कुठे होती, कुठल्या बेटावर किती सुरय बसले होते आणि पाणी आल्यावर किती मोटारी बुडाल्या, हे एकाच वहीत लिहावे. वह्या जूनच्या बैठकीला आणाव्यात.