पंचवीस हजार तासांचा हिशेब

आज बोलायचंय घरातल्या एलईडी बल्बबद्दल.

बल्बच्या खोक्यावर '२५,००० तास' असं छापलेलं असतं. रोज पाच तास दिवा लावला तर हे ५,००० दिवस होतात, म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त. पण आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं, तेव्हा बहुतेकींचं म्हणणं एकच होतं. माजघरातला बल्ब टिकतो, पण पडवीतला दीड-दोन वर्षांत जातो आणि न्हाणीघरातला त्याच्याही आधी. एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेले बल्ब असे वेगवेगळे का वागतात? याचं उत्तर कळलं की पैसेही वाचतात आणि एक धोकाही टळतो.

आधी बिलाचा हिशेब. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट होतात. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. घरात असे चार दिवे धरले, तर ३६ युनिटच्या जागी साडेपाच. महिन्याला ३० युनिट वाचली. महावितरणच्या घरगुती बिलात १०० च्या पुढच्या युनिटला दर बराच जास्त लागतो. ज्यांचं मीटर महिन्याला १२०-१२५ युनिटपर्यंत जातं, त्यांची नेमकी ही महागाची युनिट वाचतात.

वीज कशी तयार होते हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. वळवण आणि शिरोत्याचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईला वीज दिली. पण तार तापवून उजेड देणारा जुना बल्ब शंभर भाग विजेतले पाचेक भागच उजेडासाठी वापरायचा. बाकी सगळी उष्णता. एलईडीने हे गणित बदललं. सुरुवातीला तो महाग होता. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची उजाला योजना आली, एकदम मोठी खरेदी झाली, आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतला जाणारा बल्ब २०१६ मध्ये सरकारला ३८ रुपयांना मिळू लागला. योजनेत देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले.

आता टिकण्याचं बघू. एलईडी हात लावला तर जुन्या बल्बइतका भाजत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की तो तापतच नाही. तसं नाही. ९ वॅटमधली निम्म्याहून जास्त वीज त्यातही उष्णताच होते. जुना बल्ब आपली उष्णता चुलीच्या धगीसारखी समोर फेकून द्यायचा. एलईडीला ते जमत नाही. त्याची उष्णता मागे, होल्डरकडच्या भागात जाते आणि तिथून हवेत निघून जाते. त्याच भागात विजेचं छोटं सर्किट बसवलेलं असतं. त्यात कपॅसिटर नावाचा एक भाग असतो आणि त्याच्या आत पातळ रसायन असतं. उष्णतेने ते हळूहळू सुकतं. या कामातले लोक ठोकताळा सांगतात की तापमान १० अंशांनी कमी झालं तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. तेव्हा बऱ्याचदा उजेड देणारे ठिपके शाबूत असतात आणि मागचं सर्किट गेलेलं असतं.

खोक्यावरचा आकडाही समजून घेऊ. २५,००० तास म्हणजे जवळजवळ तीन वर्षं अखंड. तेवढा वेळ कुणी बल्ब जाळून बघत बसत नाही. काही हजार तास चाचणी करतात आणि पुढचा हिशेब मांडतात. शिवाय 'आयुष्य संपलं' म्हणजे बल्ब विझला असं नाही. उजेड ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं धरतात. म्हणून लेकरं ज्या दिव्याखाली अभ्यास करतात, तो जुना झाला की नवा बल्ब तिथे लावा आणि जुना मोरीत किंवा जिन्यात वापरा.

हे कळलं की घरात काय करायचं ते आपोआप समजतं. चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात जास्त वॅटचा बल्ब घालू नका. लोणावळ्याच्या बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या आमच्या मैत्रिणी सांगतात, छतात बसवलेले दिवे तिथे सारखे बदलावे लागतात. वर हवाच खेळत नाही, मग दुसरं काय होणार? मोठ्या खोलीत १८-२० वॅटचा एक बल्ब लावण्यापेक्षा ९ वॅटचे दोन लावा. उष्णता वाटली जाते. दुबईसाठी फिलिप्सने २०१६ मध्ये काढलेल्या बल्बमध्येही हीच युक्ती आहे. त्यात उजेड देणारे भाग जास्त घातले आणि प्रत्येकाला वीज कमी दिली. त्यामुळे ३ वॅटचा बल्ब ६० वॅटच्या जुन्या बल्बचं काम करतो.

पडवीतला आणि गोठ्यातला बल्ब आपल्याकडच्या पावसाची ओल खातो. तो वळचणीच्या आत घ्या किंवा बाहेर लावायचा म्हणूनच मिळणारा दिवा बसवा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की शक्य तेवढे दिवे बंद ठेवा. चुलीवरच्या बल्बवर धुराची आणि फोडणीची चिकट पुटं बसतात, उजेड तिथेच अडतो. बटण बंद करून, बल्ब गार झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. आणि एकाच होल्डरमध्ये बल्बमागून बल्ब जात असतील तर बल्बला दोष देऊ नका. होल्डर सैल झाला असेल, आत ठिणगी पडत असेल. वायरमनकडून तो बदलून घ्या.

आता तो धोका. बटण बंद केल्यावरही रात्री बल्ब मंद मिणमिणत असेल तर त्यात भुताटकी काही नाही. काही वेळा बटणातल्या बारीक लाल दिव्यामुळे असं होतं. पण काही घरांत बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं. बटण बंद असतं आणि होल्डरमध्ये वीज चालूच असते. जुन्या बल्बला हे दिसायचं नाही, एलईडी दाखवतो. अशा होल्डरला बटणाच्या भरवशावर हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि जाणत्या वायरमनला दाखवा. घरात बल्ब बदलायला पोरंच स्टुलावर चढतात, म्हणून हे विशेष सांगतोय.

विकत घेताना नुसते वॅट बघू नका. वॅट म्हणजे खर्च, लुमेन म्हणजे उजेड. लुमेनला वॅटने भागा. ९ वॅटला ९०० लुमेन, म्हणजे वॅटला १०० पडले, तर माल चांगला. ताऱ्यांचं लेबल आणि भारतीय मानक ब्युरोची खूण पाहा. या खुणा नसलेला रस्त्यावरचा स्वस्त बल्ब घेऊ नका. पक्की पावती मागा आणि घेतल्याची तारीख बल्बच्या पांढऱ्या बुडावर पेनाने लिहून ठेवा. हमीच्या मुदतीत बल्ब गेला तर तो बदलून मिळणं हा आपला हक्क आहे. पावती आणि तारीख हातात असली की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

या आठवड्यात एवढंच करा. घरातला प्रत्येक दिवा एकदा बघा. कुठला कोंडलेला आहे, कुठला भिजतो, कुठला बंद करूनही मिणमिणतो, ते लिहून काढा. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. मिणमिणणारे दिवे ज्यांच्या घरी निघतील, त्या सगळ्यांसाठी मिळून एकच वायरमन बोलावू, म्हणजे खर्चही वाटला जाईल.