धमनीच्या आतली जखम



हृदयाच्या धमनीत फुगा घालून ती रुंद केली, जाळी बसवली, आणि रोगी दोन-तीन दिवसांत आपल्या पायांनी घरी आला, म्हणजे घरची मंडळी म्हणतात, ‘नळी साफ झाली!’ या ‘नळी’ शब्दाशीच माझे भांडण आहे. पाच-सहा महिन्यांनी जिना चढताना छातीवर पुन्हा तोच दाब जाणवू लागला, की या एका शब्दापायी घरात खटला उभा राहतो. साफ केलेली नळी बुजली, त्या अर्थी कोणीतरी तीत घाण टाकली असली पाहिजे. मग रोग्याने चोरून खाल्लेली भजी निघतात, नाहीतर बिचाऱ्या बायकोच्या फोडणीतले तेल मोजले जाते. तेलातुपाची वकिली करायला मी आलेलो नाही. जुना रोग वाढतो त्यात त्यांचा हात असतोच. पण रुंद केलेली जागा अवघ्या सहा महिन्यांत पुन्हा चिंचोळी होते, तिचा आरोपी बहुधा निराळा असतो.

धमनी ही जिवंत वस्तू आहे. आत एकाच पेशीच्या जाडीचे गुळगुळीत अस्तर, त्याबाहेर स्नायुपेशींचा थर. फुगा दाबाने फुगतो तेव्हा साचलेला थर नाहीसा होत नाही. तो चिरतो आणि बाजूला दाबला जातो, आणि अस्तर खरवडून निघते. म्हणजे आपण केली ती सफाई नव्हे, जखम आहे. आणि जखम झाली की शरीर जे बोटावर करते, तेच तेथे करते. प्रथम रक्तातल्या चकत्या येऊन चिकटतात. पाठोपाठ पांढऱ्या पेशी येतात, भिंतीत शिरतात आणि रासायनिक निरोप सोडू लागतात. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली. आपल्या धमनीतला दाह डोळ्यांना दिसत नाही, पण जात तीच. त्या निरोपांनी मधल्या थरातल्या स्नायुपेशी जाग्या होतात, आत सरकतात, एकीच्या दोन होतात आणि भोवती धाग्यांचे लिंपण घालतात. बोटावर याला आपण वण म्हणतो आणि विसरून जातो. येथे सारी वाट जेमतेम तीन मिलिमीटरची. वणाला जागा कोठून आणायची?

१९७७ च्या सप्टेंबरात झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयधमनीत पहिल्यांदा हा फुगा फुगवला. त्या पहिल्या रोग्याची धमनी दहा वर्षांनी तपासली तेव्हाही उघडीच होती. सर्वांचे दैव असे नव्हते. सहा महिन्यांत शंभरातल्या तीसएक जणांची वाट पुन्हा अरुंद होई. ताणलेली भिंत परत आकसते हे त्याचे एक कारण, म्हणून १९८६ साली तुलूझ आणि लोझान येथे धातूच्या जाळीचा टेकू देण्यात आला. आकसणे थांबले. पण पायात काटा मोडून राहिला की त्याभोवती कुरूप धरते, हे आपल्याकडे अनवाणी चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही तर काटा मुद्दाम आत ठेवला होता! जाळीच्या तारा भिंतीत जितक्या खोल रुतत, तितका आतला थर जाड होई, हे डुकरांच्या धमन्यांत दिसून आले. सशांवरील प्रयोगांत पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू दिले नाही, तेव्हा थर कमी भरला. दाह हा नुसता बघ्या नसून कामगारांचा मुकादम आहे, हे यावरून उमगले.

मग औषध शोधायचे ते मुकादमाला आणि गवंड्याला दोघांनाही थोपवणारे. ते मिळाले एका दूरच्या मातीतून. १९६४ साली कॅनडाच्या एका तुकडीने पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. माँट्रिअलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या एका जंतूपासून एक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या रापा नुई या नावावरून ते रापामायसिन झाले. बुरशीवरचे औषध म्हणून पाहिलेले ते द्रव्य पेशींची वाढ रोखते, असे पुढे दिसले. त्याचा लेप दिलेली जाळी १९९९ च्या डिसेंबरात साओ पाउलो येथे प्रथम माणसात बसवली गेली, आणि वण भरून वाट बुजण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मधुमेह्यांत मात्र ते अजूनही अधिक आहे.

येथे एक खोच आहे. जे औषध फाजील भरणे थांबवते, ते हवे असलेले अस्तरही उशिरा येऊ देते. २००६ च्या सुमारास हा घोर लागला: काही रोग्यांत जाळीच्या तारा कितीतरी महिने उघड्याच राहत, लेप धरून ठेवणाऱ्या द्रव्याचाही काहींना दाह होई, आणि उघड्या तारेवर अवचित रक्ताची गुठळी धरे. वण हळूहळू वाट अडवतो, गुठळी काही मिनिटांत. पुढे लेप सुधारले, तारा बारीक झाल्या, धोका पुष्कळ उतरला, संपला नाही. म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या काही महिने, पुष्कळदा वर्षभर देतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून, दात काढायचा म्हणून, किंवा गावी जाताना डबी विसरली म्हणून त्या आपल्या मनाने सोडणारे लोक पाहिले, की माझ्या पोटात गोळा येतो. नळी साफ झाली असती, तर गोळ्या कशाला लागल्या असत्या?

दाहालाच थेट आवर घालता येईल काय, हा प्रश्न अजून चर्चेत आहे. कोकणात पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुले घेऊन चढणारी कळलावी आपण पाहिली असेल. तिच्या कंदात कोल्चिसीन असते. मात्रा जराशी चुकली तर जीव घेणारे, तेव्हा कृपा करून कोणी कंद उकरायला जाऊ नये. हेच द्रव्य मोजक्या मात्रेत वातरक्तावर जुन्या काळापासून देतात. साध्या जाळ्या बसवलेल्या मधुमेह्यांवर ग्रीसमध्ये झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात, त्याने पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. २०१९ आणि २०२० सालच्या मोठ्या प्रयोगांत हृदयरोग्यांचे पुढचे झटके कमी झाले. २०२४ सालच्या त्याहून मोठ्या प्रयोगात, झटक्यानंतर लगेच ते सुरू केले असता, तसा लाभ दिसला नाही. आम्हा वैद्यांत यावर वाद चालू आहे, आणि तो बराच काळ चालेल असे दिसते.